जिलेटिनचा कागद

जगातलं सगळ्यात बारीक अक्षर कुठं असतं, असं चष्मेकाकांना विचारलं की ते दुकानाच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवत. तक्त्याची शेवटची ओळ! आजवर कित्येक मोठमोठी माणसं त्या ओळीपाशी येऊन चाचपडली होती. काका मात्र ती घडाघडा म्हणत. वाचून नव्हे, पाठ होती म्हणून.

मंडळी, ही गोष्ट तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. काकांनी पन्नाशी ओलांडून चार वर्षं झाली होती आणि त्यांच्या नाकावर चष्मा नव्हता. लांबचं त्यांना घारीसारखं दिसे. नाक्यावर वळणाऱ्या बसचा नंबर ते दुकानात बसून सांगत. जवळचं दिसत नसे, पण तो डोळ्यांचा दोष आहे हे त्यांना मान्य नव्हतं. "नजर शाबूत आहे," ते म्हणत, "हातच जरा आखूड पडायला लागलेत." काचांचं मोजमाप यंत्राच्या भिंगातून व्हायचं, त्यामुळे काम अडत नव्हतं. आणि चष्मेवाल्यालाच चष्मा लागला तर गिऱ्हाईक काय म्हणेल, अशी त्यांना भीती होती. मिठाईवाला स्वतःची मिठाई तोंडात घालत नसेल तर गिऱ्हाईक काय म्हणेल, हा प्रश्न त्यांनी कधी स्वतःला विचारला नव्हता.

काउंटरवर एक काचेची बरणी असे. डोळे तपासताना मुलं रडतात, म्हणून तीत गोळ्या. काका पाकीट आणत, फोडत, गोळ्या बरणीत ओतत आणि पाकीट टोपलीत टाकत. गोळ्यांची पाकिटं मांडून ठेवली की दुकान किराण्याचं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. बरणी स्वच्छ, झाकण चकचकीत, आणि आत काय आहे याचा एका अक्षराचाही पुरावा नाही!

त्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात नेहमीच्या कडक गोळ्या संपल्या होत्या. दुकानदारानं दुसरं पाकीट पुढं केलं. आत मऊ, पारदर्शक, लाल-पिवळे मासे. काकांनी मासे बरणीत ओतले. काचेतून ते इतके छान दिसले की त्यांनी बरणी जरा पुढं सरकवली.

दुपारी दीडच्या सुमारास एक बाई घाईघाईनं आत आल्या. अंगावर बसचालकाचा गणवेश, खांद्याला जाडजूड पिशवी, हाताला सात वर्षांची मुलगी. मुलीचा पहिलाच चष्मा तयार होता. काकांनी तो तिच्या नाकावर बसवला, काड्या कानामागं नीट केल्या आणि आरसा धरला.

"काय दिसतंय?"

"तुमच्या नाकातले केस," मुलगी म्हणाली.

"छोटे!" आई ओरडली.

काका खो खो हसले. "नंबर अगदी बरोबर लागलाय, ताई! आता हिला बक्षीस." त्यांनी बरणीचं झाकण काढलं.

छोटीचा हात पुढं आला आणि अर्ध्या वाटेत थांबला. तिनं आईकडे पाहिलं. आईनं काकांकडे पाहिलं.

"काका, यात जिलेटिन नाही ना? हिला चालत नाही."

आता इथं आपल्याला जरा थांबायला हवं, कारण सगळा घोटाळा या दोन वाक्यांत झाला. काकांच्या ओळखीची जिलेटिनं दोन. एक खाणीत खडक फोडायला लागतं, त्याच्या कांड्या असतात. दुसरं म्हणजे जिलेटिनचा कागद: रंगीत, चुरचुर वाजणारा, भेटवस्तूंना गुंडाळतात तो. तिसरं कुठलं जिलेटिन असतं आणि ते माणसं खातात, हे काकांच्या गावीही नव्हतं. त्यांनी बरणीत पाहिलं. मासे उघडेच होते. कागदाचा कपटा नव्हता.

आणि ते दुसरं वाक्य, 'चालत नाही'. या शब्दांना काका फार वर्षांपासून कंटाळले होते. ह्याला हे चालत नाही, त्याला ते चालत नाही! त्यांच्या मते ही सगळी माणसांची थेरं होती. 'चालवलं की चालतं' हा त्यांचा आवडता सिद्धान्त.

"जिलेटिन? छे, छे!" ते म्हणाले. "हे बघा की, उघडेच आहेत."

"पाकीट असेल तर दाखवता का? एकदा वाचून घेते."

काकांचा चेहरा उतरला. पंचवीस वर्षं एका जागी दुकान, आणि एका गोळीसाठी पुरावा मागायचा?

"पाकीट गेलं टोपलीत. ताई, माझ्या दुकानात लोक आपले डोळे सोपवतात. आणि तुम्ही माझ्या एका गोळीवर संशय घेता?"

"संशय नाही हो काका, पण..."

"मग द्या तिला. डोळे झाकून द्या!"

चष्मेवाला म्हणाला, डोळे झाकून! पण त्या क्षणी त्यातला विनोद कुणाच्याच लक्षात आला नाही. ताई ओशाळल्या. मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातलं एक घसा खाकरत होतं. दोन वाजता ताईंची बस स्थानकातून सुटायची होती आणि छोटीला वाटेत आजीच्या थांब्यावर उतरवायचं होतं.

"बरं, घे गं," त्या म्हणाल्या. "बसमध्ये बसल्यावर खा."

छोटीनं दोन मासे उचलले, चष्म्याच्या रिकाम्या डबीत ठेवले आणि डबी खट्कन बंद केली.

त्या गेल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी आक्का आली. आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. तीस वर्षं औषधांच्या दुकानात उभी राहून निवृत्त झालेली. आता दुपारी भावाच्या दुकानात नोंदवही सांभाळे. कुठलीही छापील गोष्ट वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही, ही तिची जुनी खोड. तिनं आल्या आल्या टोपलीत डोकावलं, नाक मुरडलं, ओला कचरा आणि कागद वेगळे केले, आणि पाकीट हातात आल्यावर साहजिकच वाचायला लागली.

"ग्लुकोज सिरप, साखर, जिलेटिन, आम्लता नियंत्रक..."

"काय म्हणालीस?"

"आम्लता नियंत्रक."

"त्याच्या आधी."

"जिलेटिन."

"ते पाकिटाच्या कागदाचं लिहिलं असेल."

आक्कानं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी तो पाढा चुकला की अशीच पाहायची. "कागद? अरे, जनावरांच्या कातड्यातून आणि हाडांतून काढतात ते. त्यानंच गोळी अशी लवलवते. का रे? तुझा चेहरा का असा झाला?"

काकांनी सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"'चालत नाही' म्हणाली? का चालत नाही, ते म्हणाली?"

"मी विचारलं नाही."

"भाऊ, काहींना त्याची अॅलर्जी असते. श्वास बंद होतो माणसाचा!"

आक्कानं नोंदवहीतून ताईंचा फोन नंबर काढला. काकांनी तो लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तेव्हा त्यांना आठवलं, चष्म्याची मागणी नोंदवताना ताईच म्हणाल्या होत्या, 'पावणेदोननंतर फोन करू नका, चाकावर बसलं की आमचे फोन पेटीत.'

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजायला चार मिनिटं होती.

काका धावले. हे वाक्य लिहायला सोपं आहे. पण ज्यांनी काकांना पाहिलंय त्यांनाच त्यातलं संकट कळेल. मुठीत पाकीट, पायात घरातल्या सपाता. न्हाव्याच्या दुकानातून कुणीतरी ओरडलं, "काका, उधारीवाला मागं लागला का?" काकांनी मागं वळून पाहिलं नाही. दोन वळणं, एक पायऱ्यांची चढण. स्थानकाचं फाटक समोर आलं आणि त्यातून बस बाहेर पडली. एवढ्या लांबूनही त्यांना नंबर स्पष्ट दिसला. चालकाच्या मागच्या खिडकीत एक लहान डोकं दिसलं, त्यावर नवा चष्माही दिसला. आणि त्या डोक्याच्या हातात उघडी डबी! लांबचं सगळं दिसत होतं. नेमकं जवळचं तेवढं दिसायचं राहून गेलं होतं.

ते ओरडले. बस गेली.

पुढचा थांबा छापखान्यापाशी. बस मोठ्या चौकाला वळसा घालून तिथं जाते, माणूस मागच्या बोळातून जाऊ शकतो. काका बोळात शिरले. एका ठिकाणी वाळत घातलेली चादर तोंडावर आली, ती घेऊनच पुढं गेले. छातीत धडधड, कानात धडधड, आणि त्या धडधडीत एकच वाक्य घुमत होतं: डोळे झाकून द्या, डोळे झाकून द्या.

बोळातून ते बाहेर पडले तेव्हा बस थांब्यावरून सुटत होती. काका सरळ रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि चादर हवेत फडकवली. ब्रेक किंचाळले. काकांच्या पोटापासून हातभर अंतरावर बस थांबली.

"मरायचंय का?" ताई खिडकीतून ओरडल्या, मग त्यांनी ओळखलं. "काका? तुम्ही?"

"गोळी! तिनं खाल्ली का गोळी? त्यात जिलेटिन आहे!"

ताईंनी वळून मागं पाहिलं. तो चेहरा काका अजून विसरलेले नाहीत.

छोटीच्या हातातल्या डबीत एकच मासा होता. "आई," ती म्हणाली, "माझ्या जिभेला कसंतरी होतंय." तिचे ओठ सुजायला लागले होते. गळ्यावर लाल चट्टे उठले होते. श्वास घेताना छातीतून बारीक शिट्टी वाजत होती.

"थुंक! थुंक बाळा!" काकांनी बसमध्ये चढून ओंजळ पुढं केली. अर्धा चावलेला मासा तिनं त्यांच्या हातावर टाकला. उरलेला अर्धा पोटात गेला होता.

ताईंनी बस जागेवरच बंद केली, पिशवी उपडी केली, अशा वेळेसाठीच जवळ बाळगलेलं, तयार भरलेलं इंजेक्शन काढलं आणि छोटीच्या मांडीत दिलं. वाहकानं रुग्णवाहिकेला फोन लावला. बसमधली माणसं माना उंच करून पाहत होती. तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ, मांडीवर छत्री, शांतपणे शेजाऱ्याला म्हणाले, "हल्ली उगाच बाऊ करतात. एका गोळीनं काय होतंय? आम्ही लहानपणी काय वाट्टेल ते खायचो. चालवलं की चालतं!"

काकांनी चमकून मागं पाहिलं. आवाज परका होता, पण शब्द? शब्द तर त्यांचेच होते! हुबेहूब! आरशात पाहावं आणि आरशानं थोबाडीत द्यावी तसं त्यांना झालं.

"अहो, गप्प बसा!" ते गरजले. "ती पोर श्वास मोजतेय आणि तुम्ही बालपण काय सांगताय!"

छत्रीवाल्यांनी मान खिडकीकडे वळवली. ती चपराक खरं तर कुणाला होती, ते एकट्या काकांना ठाऊक होतं.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी छोटीला आत घेतलं आणि दारातून विचारलं, "नक्की काय खाल्लं? पाकीट आहे?"

"आहे, आहे!" काकांनी घामानं ओलं झालेलं पाकीट पुढं केलं.

"माझे हात गुंतलेत. तुम्हीच वाचा, मोठ्यानं. आणखी काय काय आहे त्यात?"

काकांनी पाकीट डोळ्यांसमोर धरलं. मुंग्या. हात लांब केला. जरा लहान मुंग्या. आणखी लांब केला. हात संपला.

"वाचा ना!"

"मला... दिसत नाही."

"चष्मा लावा मग."

"नाही माझ्याकडे."

"काय काम करता आपण?"

काकांनी खाली मान घातली. "चष्म्याचं दुकान आहे."

डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत, एवढी मोठी त्यांची सभ्यता. बसमधल्या माणसांकडून रुग्णालय विचारून मागून धापा टाकत आक्का पोचली होती. तिनं पाकीट त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खणखणीत वाचलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. बाकावर एका टोकाला ताई, दुसऱ्या टोकाला काका, मध्ये आक्का. दार उघडायचं, कुणी परिचारिका बाहेर यायची, तिघंही उठायची, ती दुसरीकडेच जायची, तिघंही बसायची. असं पाच वेळा झालं. सहाव्या वेळी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या.

"श्वास सुरळीत आहे. धोका टळला. संध्याकाळपर्यंत ठेवून घेऊ. इंजेक्शन वेळेवर दिलंत, आणि कशामुळे झालं ते लगेच कळलं. नाहीतर अवघड होतं."

ताईंनी पदर नव्हता म्हणून गणवेशाच्या बाहीनं डोळे पुसले. मग पहिल्यांदाच काकांकडे पाहिलं. काका शिव्यांच्या तयारीत होते. शिव्या मिळाल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"मी विचारलं होतं, काका," त्या हळू म्हणाल्या. "रोज विचारते. शाळेत, वाढदिवसाला, दुकानात. लोक तोंड वाकडं करतात. आज तुम्हाला राग आला, मागं रांग होती, मला लाज वाटली. म्हणून मी पाकीट मागायचं सोडून दिलं. चूक माझीही आहे."

"नाही हो, ताई," काकांनी हात जोडले. "तुमची कसली चूक? मला वाटलं, जिलेटिन म्हणजे तो कागद. आणि मला वाटलं, तुमचं आपलं काहीतरी पथ्याचं खूळ असेल. आजार आहे हे ठाऊक असतं तर..."

"थांब," आक्का म्हणाली. "तिथंच थांब, भाऊ. आजार होता म्हणून धावलास. आणि समजा ताई म्हणाल्या असत्या की आमच्या धर्मात बसत नाही, तर? किंवा त्या पोरीनं म्हटलं असतं, मला जनावरांचा लळा आहे, त्यांच्या हाडांचं काही मी खात नाही, तर? धावला असतास?"

काका पायातल्या सपातांकडे पाहायला लागले.

"नसतास धावला. हसला असतास. सगळ्या गल्लीला किस्सा सांगितला असतास. अरे, कारण काहीही असो, प्रश्न तर एकच होता: यात हे आहे का? ज्याच्या तोंडात घास जायचा, त्याला तो विचारायचा हक्क आहे. आणि उत्तरं तीनच. आहे, नाही, माहीत नाही. तुला पहिली दोन ठाऊक नव्हती, मग तिसरं द्यायचं होतंस. 'माहीत नाही' म्हणायला काय जीभ झडते?"

"झडत नाही," काका पुटपुटले. "पण जड होते, आक्का."

"होऊ दे. तीस वर्षं मी औषधं दिली. माझ्या ओळखीचं बाटलीचं झाकण, ओळखीचा रंग, तरी दरवेळी नाव वाचून दिलं. विश्वास होता म्हणून वाचत होते. लोक डोळे झाकून विश्वास ठेवतात ना, म्हणून आपण आपले उघडे ठेवायचे!"

काकांनी मान वर केली. आयुष्यभर ते लोकांना विचारत आले होते, 'आता दिसतंय? आता स्पष्ट दिसतंय?' आज तोच प्रश्न कुणीतरी त्यांना विचारला होता. आणि हो, दिसत होतं! फार उशिरा, पण स्पष्ट दिसत होतं!

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःच्या डोळ्यांचा नंबर काढला. पावणेदोन निघाला. आक्कानं तो नोंदवहीत लिहिला आणि शेरा मारला: 'हात पूर्ववत झाले.'

पंधरवड्यानं छोटी आईबरोबर चष्म्याची काडी सैल करून घ्यायला आली. काउंटरवर बरणी होती. बरणीत गोळ्या होत्या, लाल आणि पिवळ्या. बरणीच्या पोटावर मात्र एक पाकीट कापून, सपाट करून, सगळी बारीक अक्षरं दिसतील असं चिकटवलेलं होतं. काकांच्या नाकावर काळ्या काड्यांचा चष्मा होता, आणि त्यात ते, खरं सांगायचं तर, घुबडासारखे दिसत होते. छोटीनं ते सांगितलंच.

"काका, यात जिलेटिन आहे?" मग तिनं विचारलं.

काकांच्या तोंडात 'छे, छे' आलं होतं. सवय आहे, ती पंधरा दिवसांत कुठली जायला! सकाळीच त्यांनी पाकीट वाचलं होतं, आक्कानंही वाचलं होतं. तरी त्यांनी तो शब्द गिळला.

"वाचून बघ," ते म्हणाले आणि बरणी तिच्याकडे फिरवली. "नवा चष्मा आहे ना? ही आमच्या दुकानातली खरी शेवटची ओळ. जिला ही आली, ती पास."

छोटी नाक बरणीला टेकवून अक्षर न् अक्षर लावायला लागली. मागं एक गिऱ्हाईक घसा खाकरलं. काकांनी त्याच्याकडे पाहून नम्रपणे सांगितलं, "वाचन चालू आहे. बसा, वेळ लागेल."

"साखर... ग्लुकोज सिरप... पेक्... पेक्टिन. पेक्टिन म्हणजे?"

"फळांच्या सालीतून काढतात," काका म्हणाले. "मला माहीत नव्हतं. आक्काला विचारलं."

छोटीनं शेवटपर्यंत वाचलं, एक गोळी उचलली आणि डबीत ठेवली. "आई पण वाचेल. मग खाईन."

ताई दचकल्या. पूर्वीचे काका असते तर इथंच रुसले असते. पण काकांनी बरणी उचलून त्यांच्यासमोर ठेवली, आणि वर यंत्राजवळचं भिंगही दिलं.

"वाचा, ताई. सावकाश वाचा. दोनची बस दोनला सुटेल."

त्या बरणीवरच्या पाकिटाला गल्लीत आता नाव पडलंय: जिलेटिनचा कागद. काका म्हणतात, बघा, माझं अगदीच चुकलं नव्हतं. जिलेटिन म्हणजे कागदच. फक्त तो गुंडाळायचा नसतो, वाचायचा असतो.

तेव्हा नागरिकहो, उद्या तुमच्या दारात कुणी विचारलं की यात अमुक आहे का, तर रागावू नका, हसू नका आणि छातीवर हात मारून 'काही नसतं हो त्यात' असंही म्हणू नका. पाकीट शोधा. सापडलं तर वाचा, नाही सापडलं तर 'माहीत नाही' म्हणा. त्या दोन शब्दांनी आजवर कुणाचा श्वास अडकल्याचं ऐकिवात नाही.